घरचे, पाहुणे आणि उलटा फिरणारा ठिपका

३ फेब्रुवारी

आत्या,

खुर्चीतून उठून, वाकून नमस्कार. एवढा वाकून नमस्कार म्हणजे पोरीला काहीतरी हवंय, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

फोनवर मागितलं असतं, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं निम्मं मनाने भरतेस. मागच्या वेळी मी म्हणाले, "प्रबंध अडलाय," आणि तू बाबांना कळवलंस की पोरीचा संबंध अडलाय. पुढे आठवडाभर बाबा माझ्याशी इतकं हळुवार बोलत होते की मलाच शंका यायला लागली. म्हणून पत्र.

तर, प्रबंध अडलाय. झाडावर कीड म्हणून पडणारे बारीक कोळी आणि त्यांना खाणारे दुसऱ्या जातीचे कोळी यांची संख्या कशी वरखाली होते, हे मी गणिताने समजून घेते. म्हणजे घेणार होते. प्रयोगशाळेत मी दोन्ही जातींचे कोळी डब्यात पाळले होते. डब्याचं झाकण नीट लावलं का, हा विचार शुक्रवारी करायचा असतो. मी तो सोमवारी केला. आता माझ्याकडे गणित भरपूर आहे आणि कोळी एकही नाही. सर म्हणाले, "बाई, जीवशास्त्रातला जीव तेवढा तुम्ही काढून टाकलात."

तुझ्या काचघरात काकडीच्या वेलांवर हेच दोन्ही कोळी असतात ना? आणि तू दर आठवड्याला पानं भिंगाखाली धरून ते मोजतेस. ते आकडे मला पाठवशील? मला त्यांचं फेज पोर्ट्रेट काढायचंय. त्यावर माझा एक अख्खा धडा उभा राहील, आणि धडा उभा राहिला तर मी राहीन.

तुझी,
अजून डॉक्टर न झालेली भाची


११ फेब्रुवारी

शहाणे,

आशीर्वाद आधी, शिव्या मागून.

पोर्ट्रेट काढायचंय म्हणालीस, म्हणून मी केस विंचरले, बरा सदरा घातला, वेलाशेजारी उभी राहिले आणि पाववाल्याकडून फोटो काढून घेतला. मग तुझं पत्र परत वाचलं तर त्यात "आकडे" असं लिहिलेलं. चष्मा डोक्यावर होता, नाकावर नव्हता. आता फोटो काढलाच आहे तर ठेव. काकडी छान आलीय त्यात. माझं म्हणशील तर काकडीकडे बघ.

आकडे सोबत आहेत. एक सांगते. किडीला सगळे "लाल कोळी" म्हणतात, पण तो मेला लाल नसतोच. फिकट असतो, अंगावर दोन काळे डाग. आणि त्याला खाणारा असतो तो मात्र चांगला नारिंगी, तुरुतुरु पळणारा. लाल लिहिलं की माझाच घोळ होतो. म्हणून मी सरळ "घरचे" आणि "पाहुणे" अशा दोन रांगा करते. सोपं पडतं.

एक गोष्ट मात्र मनावर घे. तुझा बाप, म्हणजे माझा दादा, परत मागे लागलाय. "तुझं वय झालं, कान गेले, ते काचघर बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये." यावेळी मी रागाच्या भरात बोलून बसले, "या हंगामाचं पीक नीट निघालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही निघालं तर येते मुकाट्याने." दादाने लगेच हो म्हटलं. शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. तुमचं घर चांगलं आहे गं, पण तिथे मी दिवसभर करू काय? तुझ्या आईच्या कुंडीतल्या झाडाला दिवसातून चारदा पाणी घालून मारून टाकेन.

तेव्हा तुझ्या गणितातून माझ्या काकड्यांचं काही भलं होत असेल तर तेही कळव.

आत्या


४ मार्च

आत्या,

तुझा फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. सरांनी विचारलं, "ह्या कोण?" म्हटलं, माझा डेटा.

आता नीट वाच, चष्मा नाकावर घेऊन. कागदावर एक आडवी रेघ आणि एक उभी. आडव्या रेघेवर पाहुणे किती, उभ्या रेघेवर घरचे किती. एका आठवड्याचे दोन आकडे मिळून कागदावर एकच ठिपका पडतो. पुढच्या आठवड्याचा पुढचा. ठिपके क्रमाने जोडायचे आणि बाण काढायचे. काळ कुठल्याच रेघेवर नसतो, तो बाणात असतो. तुझी अख्खी बाग म्हणजे कागदावर चालणारा एक ठिपका, आणि तो आत्ता कुठे आहे यापेक्षा कुठे निघालाय हे महत्त्वाचं. फेज पोर्ट्रेट म्हणजे एवढंच. बाकीची दोनशे पानं मी पदवी मिळावी म्हणून लिहिते.

आता गंमत. खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचा ठिपका गोल फिरतो. आधी खाद्य वाढतं. मग ते खाऊन खाणारे वाढतात. मग खाद्य संपतं, आणि फार झालेले खाणारे उपाशी मरतात. की पुन्हा पहिल्यापासून. ही फेरी जगभर घड्याळाच्या उलट्या दिशेने काढलेली दिसते. आणि आत्याबाई, तुमचा ठिपका घड्याळाप्रमाणे फिरतोय!

मी प्रोग्राम तपासला. आकडे तीनदा तपासले. पट्टी सुद्धा तपासली. सर म्हणाले, "ही एकतर फार मोठी गोष्ट आहे किंवा फार मोठी चूक. आधी चूक शोधा." सर जरा निराशावादी आहेत. मला वाटतं तुझ्या काचघरात खाद्यच खाणाऱ्याला भारी पडतंय. एप्रिलमध्ये विभागात माझं भाषण ठेवलंय. आरशासमोर सराव चालू आहे. कालच मी आरशाला म्हणाले, "छान प्रश्न विचारलात."

आकडे पाठवत राहा. पीक नीट निघेल. मी आहे ना!

तुझी भाची


१३ मार्च

शहाणे,

काचघरातलं माझं भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे. त्याचा काही संबंध असेल का? असला तर सेल घालते.

तुझा ठिपक्यांचा कागद मी पाण्याच्या टाकीवर चिकटवलाय. पाववाल्याला समजावून सांगितला. तो म्हणाला, "छान आहे, पण गोगलगाय कशाला काढलीय?"

या आठवड्याचे आकडे मागे लिहिलेत. घरचे अजून पुष्कळ आहेत. पाहुणे मात्र असे काही वाढलेत की पान उलटलं की नुसती धावपळ. मी तर स्टूल घेऊन बघत बसते.

आत्या


१८ मार्च

आत्या,

बघत काय बसतेस!

ठिपका सरळ उजवीकडे सुटलाय. पाहुणे हाताबाहेर चाललेत. हे पत्र मिळेल त्या दिवशी फवारणी कर. एकदाच, पण सगळ्या ओळींवर. घरचेही थोडे मरतील, मरू देत. पाहुणे कमी होणं महत्त्वाचं आहे. एरवी मी फवारणीच्या विरुद्ध आहे, पण तुझी बाग एरवीसारखी नाही, हे मी गणिताने दाखवून दिलंय.

घाईत,
भाची


२४ एप्रिल

शहाणे,

पत्राला उशीर झाला. काम होतं. जरा सर्दीही होती.

तू सांगितल्याप्रमाणे फवारलं. आता इथे सगळं झकास आहे. पाहुणे पानोपानी, घरचे औषधालाही सापडत नाहीत. मधल्या चार आठवड्यांचे आकडे सोबत आहेत. तू काही काळजी करू नकोस, नीट जेवत जा. दादा मे अखेर पीक बघायला येतोय.

भाषण याच आठवड्यात ना? टाळ्या वाजल्या की कळव.

आत्या


२९ एप्रिल

आत्या,

टाळ्या वाजल्या. एका पाहुण्या प्राध्यापकांनी "धाडसी" असा शब्द वापरला. मी दोन दिवस त्याच शब्दावर जेवले. सर मागच्या रांगेत होते. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "चूक सापडली का?"

मग तुझं पत्र आलं. मी ते चारदा वाचलं. पाहुणे पानोपानी, घरचे औषधाला नाहीत, आणि "सगळं झकास"? अगं, असं असेल तर तुझी बाग संपली! तू झकास कशाला म्हणतेस?

आणि दुसरं. तुझे जुने ठिपके वेडेवाकडे होते, धडपडत चालणारे. बागेतले खरे ठिपके असेच असतात. हे नवे चार मी काढले तर असा सुबक गोल आला, जसा काही वाटी पालथी घालून पेन्सिल फिरवली. आत्या, हे तू मोजलेलं नाहीस.

खरं काय ते लिही. आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. हा प्रश्न मी फेब्रुवारीत विचारायला हवा होता, पण तेव्हा मी पट्टी तपासत होते. पाहुणे म्हणजे कोण?

भाची


४ मे

शहाणे,

पाहुणे म्हणजे पाहुणे! जे पार्सलने आले ते. खोक्यातून, थंड पिशवीत, दोन दिवसांचा प्रवास करून. मी त्यांना पानापानावर सोडलं, आल्यागेल्यासारखी ऊठबस केली. खाणारे, नारिंगी. आणि कीड ती घरची. ती मी इथे यायच्या आधीपासून या काचघरात आहे. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि ती कधी जातही नाही. घरच्यांचं असंच असतं.

तुला काय वाटलं?

हे लिहिलं, चहा प्यायले, आणि आता मला कळलं तुला काय वाटलं. बिनबोलावता येतात ते पाहुणे, आणि आपण पाळतो ते घरचे. होय ना? तुझंही बरोबरच आहे म्हणा. तुमच्या घरी पाहुणे फार येतात.

आता खरं सांगते. तू फवार म्हणालीस तेव्हा मला जरा विचित्र वाटलं होतं. आपलेच खाणारे आपण का मारायचे? पण तूच लिहिलं होतंस ना, खाणारे फार झाले की पुढे उपाशी मरतात. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, ही विरळणी आहे. रोपं दाट झाली की आपण नाही का निम्मी उपटत! गणितालाही विरळणी लागते, हे मला इतकं पटलं की मी पाववाल्यालाही सांगितलं. अशी मी हुशार.

पाहुणे सगळे मेले. घरचे थोडे मेले आणि उरलेले दुपटीने उठले. आता पानं पांढुरकी झालीत, शेंड्यांवर जाळी धरलीय. तुझं भाषण तोंडावर होतं. तुला कळलं असतं तर तू ते रद्द केलं असतंस. म्हणून बसून चार आकडे रचले. इतके छान रचले की पकडली गेले. खोटं बोलतानाही मेहनत कमी करावी माणसाने.

दादाला फोनवर सांगितलं की पीक गेलं, औषध मीच चुकीचं कालवलं. तो म्हणाला, "हेच म्हणतोय मी इतकी वर्षं. तुला आता झेपत नाही." मी म्हटलं, "हो रे." दुसरं काय म्हणणार? तो जिथे जाईल तिथे "आमची मुलगी डॉक्टर होतेय" सांगत असतो. त्या तोंडाने त्याने काय सांगायचं, की तिच्यामुळे आत्याची बाग गेली?

टाकीजवळची शेवटची ओळ तेवढी हिरवी आहे. तिथवर पोचेपर्यंत पंप रिकामा झाला होता आणि परत औषध कालवायचा मला कंटाळा आला. आळशीपणाचं फळ, दुसरं काही नाही.

मला जायचं नाहीये गं. पण शब्द दिलाय.

आत्या


८ मे

आत्या,

मी दोन्ही रेघांवरच्या आकड्यांची अदलाबदल केली. ठिपका गुमान घड्याळाच्या उलट फिरायला लागला. माझा शोध संपायला तीन मिनिटं लागली, त्यातली दोन कॉम्प्युटर सुरू होण्यात गेली. सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. माझ्याकडे वळले तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "चला, आता तुमचा डेटा चांगला आहे."

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगू? दोघांनाही मारणारं औषध फवारलं की शेवटी कीडच जास्त होते, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात आहे. मी तो भाग दोनदा शिकवलाय. मुलांनी वहीत चौकट करून लिहून घेतलाय. मी तिथे उभी होते आणि मला काहीही कळलं नव्हतं.

आता ऐक. म्हणजे वाच. खाणारे शून्य असले की ठिपका खालच्या रेघेला चिकटतो आणि नुसता उजवीकडे पळत सुटतो. शून्यावरून आपोआप वर उठणारा बाण माझ्या कुठल्याही चित्रात नाही. नवीन पार्सल यायला महिना लागेल, तोवर वेल राहणार नाहीत. पण तुझी ती आळशी ओळ शून्य नाही! भिंग घेऊन बघ, तिथे पाहुणे असणार, तुझ्या अर्थाचे. औषधाचा असर एव्हाना उतरलाय. त्या ओळीतली पानं देठासकट खुडायची आणि बाकीच्या वेलांवर नेऊन ठेवायची. जे वेल पार गेलेत ते उपटायचे. काही ओळी वाचतील. सगळ्या नाही वाचणार, आणि यावेळी मी "मी आहे ना" असं म्हणणार नाही.

शनिवारी येतेय. पानं वाहायला दोन हात हवेत. डोकं घरी ठेवून येईन.

आणि बाबांना खरं मीच सांगणार आहे. मला भीती वाटते. त्यांनी चारचौघांत माझं कौतुक केलं की मी "बाबा, पुरे" म्हणते आणि ते पुरे होऊ नये असं मला फार वाटत असतं. हे मी कधी कुणाला बोलले नाही. पण माझी अब्रू राखायला तू तुझं घर सोडणार असशील, तर मला ती अब्रू नको.

तुझी,
भाची


३१ मे

शहाणे,

तू गेल्यावर दोन आठवडे मी एकही आकडा पाठवला नाही. मुद्दाम नाही. सारखी बघत बसले आणि मोजायचं राहून गेलं. आता मोजलेत, सोबत आहेत. यावेळचे वेडेवाकडे आहेत, तपासून घे.

निम्म्या ओळी उपटाव्या लागल्या. उरलेल्यांवर नवी पानं स्वच्छ आलीत. नारिंगी पाहुणे शेंड्यापर्यंत चढलेत.

दादा काल आला. माझं सामान भरायला खोकी घेऊन आला होता, आणि खिशात तू त्याला लिहिलेलं पत्र. काचघराच्या दारात उभं राहून त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. तीनदा वाचलं, कारण मला मुद्दाम ऐकू येत नव्हतं. मग म्हणाला, "चूक तिची होती, तर तू स्वतःची का सांगितलीस?" म्हटलं, "तुझ्यापुढे पोरीची मान खाली नको." तो म्हणाला, "तिने हे लिहिलं म्हणून मान खाली जाईल असं वाटलं तुला? हे पत्र मी गाडीत दहा वेळा वाचलंय." हे तुला सांग असं तो म्हणालेला नाही. मी सांगतेय.

मग आत येऊन उपटलेल्या ओळींकडे बघत म्हणाला, "निम्मं पीक म्हणजे निघालं म्हणायचं का नाही?" मी त्याला टाकीवरचा कागद दाखवला. म्हटलं, "ठिपका कुठे आहे ते विचारू नकोस, कुठे निघालाय ते बघ." त्याला काही कळलं नाही. मी भिंग दिलं, पान उलटून हातात ठेवलं. बराच वेळ वाकून बघत होता.

आणि तसाच वाकलेला, माझ्याकडे न बघता बोलला. "मला भीती वाटते. फोन वाजत राहतो आणि तू उचलत नाहीस. प्रत्येक वेळी वाटतं, झालं. मग तू उचलतेस आणि मी तुझ्यावर ओरडतो."

मी म्हटलं, "हे आधी का नाही बोललास?"

म्हणाला, "तुला ऐकू येत नाही ना."

आम्ही दोघं हसलो, आणि मग मी रडले. तोही रडला, पण काकडीचं पान डोळ्यात गेलं असं सांगत होता. एवढं एक वाक्य बोलायला त्याला सहा वर्षं लागली आणि माझी निम्मी बाग. आता महिन्यातून एकदा तो इकडे येऊन राहणार आहे, आणि फोन वाजला की पेटणारा दिवा काचघरात बसवून देणार आहे. बंद करायचा विषय काढला नाही. मीही नाही काढला.

खोकी आणलीच होती, ती रिकामी कशाला न्यायची? त्याच खोक्यांत आम्ही दोघांनी काकड्या भरल्या. एक खोकं तुझ्यासाठी पाठवलंय, सरांनाही दे. वाकड्या आहेत. पण माझ्या आहेत.

आत्या